वाचणाऱ्याची सीट

अप्पा, काल मी गाडीचं पुढचं चाक काढलं, पोतं टाकून खाली बसले, पाना हातात घेतला आणि सवयीनं ओरडले, "हां अप्पा, वाचा!"

कोण वाचणार? ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं आणि सीट रिकामी. समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन उठून फाटकापाशी आला आणि तमिळमध्ये विचारायला लागला, कुणाला हाक मारताय म्हणून. म्हटलं, कुणाला नाही, तुम्ही बसा तुमच्या जागेवर. बिचारा गेला. आणि मग मी त्या पोत्यावर बसून मोठ्यानं रडले. तुमच्या तेराव्याला पंगत वाढताना माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सगळ्या बायका म्हणत होत्या, सून घट्ट आहे हो. घट्ट कसली, मला रडायला गाडीच लागत होती.

काम काय ते सांगते. तुमच्या आजारपणात गाडी महिनोन्महिने पोर्चमध्ये उभी राहिली. चेन्नईत आपल्या नुंगंबाक्कमपर्यंत समुद्र दिसत नाही, पण त्याची खारी हवा बरोबर पोचते, हे तुम्हीच म्हणायचात. पुढचा ब्रेक गंजून चाकाला धरून बसला होता. पाहुणे म्हणाले, विकून टाका ते खटारं. तुमचा मुलगा, म्हणजे माझा नवरा रघू, म्हणाला मेकॅनिकला बोलव. आणि सासूबाई, आपल्या अम्मा, ज्यांनी तुम्ही गेल्यापासून स्वतःसाठी कपभर कॉफीसुद्धा मागितली नाही, त्या परवा सकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "मला एकदां एन्नोरला ने. ह्याच मोटारींत. आणि ब्रेक तूं कर. ते असते तर दुसऱ्याला हात लावूं दिला नसता."

आता बोला. अम्मांना शेजारी बसवून, त्या ट्रकच्या गर्दीतून, मी स्वतः केलेल्या ब्रेकवर एन्नोरला, तुमच्या वीजकेंद्रापर्यंत जायचं. आणि वाचायला तुम्ही नाही.

मी या घरात आले तेव्हा पहिले दोन धक्के बसले होते. पहिला तुमच्या मराठीचा. मी कोल्हापूरची. ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले, तिथंच रघू भेटला, नाव मराठी, आडनाव मराठी, म्हटलं चला, घरात तरी तमिळ शिकायला नको. आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "ये हो शलाके, आंत ये. पाय धू. सेरी, मग बोलूं." मला वाटलं कुणी बखर वाचून दाखवतंय! तंजावरहून आलेली तुमची मराठी, वर तमिळचा हेल, आणि 'बरं'च्या जागी 'सेरी'. मी काही बोलले की तुम्ही हसू दाबायचात. मग एकदा कळलं, तुम्हाला माझी मराठी रांगडी वाटायची. म्हणजे फिटंफाट.

दुसरा धक्का ग्रंथाचा. रविवारी सकाळी तुम्ही देवाची पूजा आटोपलीत, कपाटातून जुन्या वेष्टीत, म्हणजे तुमच्या धोतरात, गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढलंत, दोन्ही हातांनी धरून बाहेर निघालात. मी पण पदर नीट करून मागून आले. म्हटलं पोथी असेल, दासबोध वगैरे, वाचन होणार, प्रसाद मिळणार. तुम्ही थेट पोर्चमध्ये जाऊन गाडीत बसलात, ड्रायव्हरच्या सीटवर, दार उघडं ठेवून, आणि ते पुस्तक स्टिअरिंगला टेकवून उघडलंत. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल, दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक! आणि गाडीच्या खालून रघूचा वैतागलेला आवाज आला, "अप्पा, लवकर वाचा, डास चावतायत."

तुमची पद्धत मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. एकानं वाचायचं, एकानं करायचं. वाचणाऱ्यानं खाली डोकावायचं नाही आणि करणाऱ्यानं पुस्तकाला हात लावायचा नाही. एक वाक्य वाचलं की करणारा ते आधी तोंडानं परत म्हणणार, मग करणार, मग "झालं" म्हणणार. त्यानंतरच वाचणारा म्हणणार, "पुढें." एन्नोरच्या वीजकेंद्रात तुम्ही आयुष्यभर असंच काम केलंत. वर कंट्रोल रूममध्ये एक जण कागद धरून वाचतोय, खाली यंत्रापाशी दुसरा ते परत म्हणून मगच हात घालतोय. तिथं एक पायरी चुकली तर माणूस उरत नाही, असं तुम्ही अगदी साध्या आवाजात सांगितलं होतंत. मी मनात म्हटलं, वीजकेंद्रात ठीक आहे हो, पण इथं गाडीचं ऑइल बदलायला एवढा सोहळा?

रघूनं ती संधी साधून पाना माझ्या हातात दिला आणि घरात पळाला. त्याला पाना आणि पळी यातला फरक कळतो एवढंच नशीब. तेव्हापासून खालची जागा माझी झाली.

आणि आपलं भांडण सुरू झालं. भांडणच म्हणायचं, चर्चा वगैरे शब्द आपल्याला शोभत नाहीत. आमच्या कारखान्यात लाइनवर प्रत्येक जागी स्क्रीन आहे. कामगार नवा असला तर त्याला व्हिडिओ दाखवतात, हात कसा फिरवायचा ते दिसतं, झालं काम. मी फोन टूलबॉक्सला टेकवून म्हणाले, अप्पा, हा बघा, कोइंबतूरचा एक माणूस हेच काम करून दाखवतोय, याच गाडीवर. तुम्ही सीटवरून मान बाहेर काढलीत. तो माणूस आधी नमस्कार, मग चॅनलला साथ द्या, मग त्याच्या मेव्हण्याची गाडी कशी बिघडली ते सांगत बसला. तुम्ही म्हणालात, "ह्याला म्हणावं, आधीं पाना धर, मग बोल." आणि मान आत.

तुमचं म्हणणं काय, तर व्हिडिओतल्या माणसाचा बोल्ट नेहमी सुटतो. न सुटलेला तो कापून टाकतो. ग्रंथ मात्र आधी सांगतो की सुटणार नाही, घाई करू नकोस. माझं म्हणणं, तुमचा ग्रंथ म्हणतो "क्लिप काढा". कुठली क्लिप, कुठं असते ती, काय रंगाची, हात आत जातो का? लिहिणाऱ्याला काय, त्यानं एसीत बसून लिहिलंय!

त्यावरून तो काचेचा दिवस आठवतो? ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस तोंडावर आलेला आणि खिडकीची काच दारात आत पडलेली. तुम्ही वाचलंत, "काच फिरवण्याचा हँडल काढा." मी परत म्हटलं, "हँडल काढा." आणि मग हँडल निघेना. मी ओढतेय, वाकवतेय, स्क्रू शोधतेय, तर स्क्रूच नाही. तुम्ही तेच वाक्य परत वाचलंत. मी म्हटलं, अप्पा, वाक्य कळलंय मला, हँडलला कळत नाहीये! तुम्ही तिसऱ्यांदा वाचलंत, जरा हळू. जणू मी मंद आहे. माझं डोकंच फिरलं. फोन काढला, व्हिडिओ लावला. कुठल्याशा मुलीनं एक फडकं घेतलं, हँडलच्या मागच्या फटीत सरकवलं, बूट पुसतात तसं इकडून तिकडे ओढलं आणि टच्च करून आतली क्लिप बाहेर उडाली. मी पण तसंच केलं. टच्च!

तुम्ही सीटवरून उतरलात. "परत दाखव." दाखवलं. "परत." किती वेळा बघितलंत देव जाणे. चष्मा काढून, पुसून, परत लावून. एका फडक्याकडे एवढ्या आदरानं बघणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी वाट बघत होते, आता म्हणतील, शलाके, तुझं बरोबर. तुम्ही म्हणालात, "हें ग्रंथांत लिहायला हवें होतें." आणि परत जाऊन बसलात. हात टेकले मी तुमच्यापुढं!

पण मग बॅटरीच्या वेळी माझी जिरलीच. व्हिडिओतल्या पठ्ठ्यानं आधी पॉझिटिव्हची तार सोडली, म्हणून मी पण सोडायला गेले. पाना बॉडीला लागला आणि ठिणगी अशी उडाली की अम्मा स्वयंपाकघरातून धावत आल्या. तुम्ही रागावला नाहीत, हसलाही नाहीत. फक्त ग्रंथातली ओळ वाचलीत, आधी निगेटिव्ह. त्याच आवाजात, जसा काही तुम्हाला ठिणगीचा आवाजच आला नव्हता. दोन थपडा दिल्या असत्यात तर कमी लागलं असतं.

अशी आपली वर्षं गेली. कधी तुमची सरशी, कधी माझी, निकाल कधीच नाही. आता म्हणते, लागला नाही तेच बरं. निकाल लागला असता तर रविवारी आपण बोललो काय असतो?

मग तुम्हाला तो झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, ती हळूहळू सुधारली. वॉकर धरून चालायला लागलात. पण शब्द गेले. आणि त्याच्यावर कडी म्हणजे वाचणं गेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, पण अक्षरं डोक्यात पोचत नाहीत. मला खरं वाटेना. मी ग्रंथ आणून तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही वेष्टी सोडलीत, पान उलटलंत, हात फिरवलात. मग माझ्याकडे बघितलंत. अप्पा, ते बघणं मी विसरू शकत नाही. ओळखीच्या घराचं दार ठोठावावं आणि आतून कुणी भलतंच यावं, तसं ते बघणं होतं. मी ग्रंथ उचलून कपाटात ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

एकच शब्द उरला होता तुमच्याकडे. "पुढें." बाकी सगळं गेलं, हा कसा राहिला कोण जाणे. भूक लागली, पुढें. पाणी हवं, पुढें. अम्मांनी विचारलं, "मोरकुळंब वाढूं?" पुढें. "पोदुम्?", म्हणजे पुरे का, तरी पुढें. राग आला की तेच, देवाला हात जोडले की तेच. आम्ही आवाजावरून ओळखायला शिकलो. रघू एकदा हसत म्हणाला, आमच्या घरात एकटे अप्पाच प्रगती करतायत, रोज पुढे. तुम्ही पण हसलात, आणि हसता हसता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

मीच मग फोन दिला तुमच्या हातात. नाइलाजानं दिला, जिंकले म्हणून नव्हे, देवाशपथ. तुम्ही व्हिडिओ बघायला लागलात. आवाज बंद करून. दुपारभर खिडकीपाशी बसून कुणाकुणाचे तेलकट हात बघत राहायचात. मला वाटायचं, चला, वेळ जातो. लहान मुलाला कार्टून लावून द्यावं तसं मी लावून द्यायचे आणि कामाला लागायचे.

एक दिवस मी तुमच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. कोणीतरी रेडिएटरमधलं पाणी बदलत होता. मध्येच तुम्ही डावा हात उचललात, तळवा उघडा, वाहतूक पोलीस धरतो तसा. व्हिडिओ चालूच. थोड्या वेळानं परत हात. मी विचारलं, काय झालं अप्पा? पुढें, म्हणालात, चिडून. मला शंका आली. मी उठून ग्रंथ काढला, ते प्रकरण उघडलं आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. अप्पा, जिथं जिथं तुमचा हात उठत होता, तिथं तिथं त्या माणसानं ग्रंथातली पायरी गाळली होती! एकही हात फुकट उठला नाही. अक्षर ओळखू न येणारा माणूस, स्वतःचं नाव लिहू न शकणारा माणूस, आणि अख्खा ग्रंथ आत जागच्या जागी, क्रमानं. मी त्या दिवशी ऑफिसची मीटिंग बुडवली. एकामागून एक व्हिडिओ लावत गेले आणि तुमच्या हाताकडे बघत बसले. देवळात गेल्यावर सुद्धा मला इतकं गप्प बसवत नाही.

आणि मग ती ब्रेकची सकाळ. ती मी कुणाला नीट सांगितलेली नाही. अम्मांना थोडी माहीत आहे, रघूला अर्धी. तुम्हाला तर पूर्ण माहीत, पण तरी सांगते.

पुढचे ब्रेक पॅड झिजले होते. तुम्ही वाचू शकत नव्हतात, म्हणून मी व्हिडिओवरून करायचं ठरवलं. तुम्हाला खुर्ची टाकून पोर्चच्या वरच्या टोकाला बसवलं, फोन माझ्याजवळ ठेवला. सगळं अगदी छान झालं. जुने पॅड काढले, आतला पिस्टन मागे ढकलला, नवे बसवले, चाक लावलं, जॅक काढला. व्हिडिओतल्या माणसानं हात झटकले, अंगठा दाखवला आणि गाडी घेऊन निघाला. मी पण निघाले. फाटक उघडलं, आत बसले, इंजिन चालू केलं. आपला पोर्च रस्त्याकडे उतरता आहे, खाली शाळेच्या बसची वेळ, रिक्षा, फुलवाली, सगळं चालू होतं. रिव्हर्स टाकला. हँडब्रेकवर हात ठेवला. आरशात बघितलं.

आरशात तुम्ही.

गाडीच्या बरोब्बर मागे, उतारावर, फाटकाच्या मधोमध. वॉकर वर खुर्चीपाशीच राहिला होता. वॉकरशिवाय तुम्ही तेवढं अंतर कसे आलात, भिंतीला धरून आलात की काय, मला आजही माहीत नाही. मी खिडकीतून ओरडले, "अप्पा, बाजूला व्हा! वेड लागलंय का?" तुम्ही हलला नाहीत. तोंड उघडलंत आणि परत मिटलंत. तेव्हा मला काहीच कळलं नाही. नंतर कळलं, आणि अजून आठवलं की काळजात चर्र होतं. तुमच्याकडे एकच शब्द होता, आणि तो होता "पुढें". त्या घडीला तोच एक शब्द चालणार नव्हता. तो तोंडातून निघाला असता तर मी हँडब्रेक सोडला असता. म्हणून तुम्ही तोंड मिटलंत आणि शब्दाच्या जागी स्वतः येऊन उभे राहिलात.

मी चडफडत उतरले. तुम्ही माझ्याकडे बघत डावा पाय जमिनीवर आपटलात. परत आपटलात. लुळ्या पायावर सगळा भार टाकून, थरथरत, चांगला पाय आपटत राहिलात. मला वाटलं पायात गोळा आला. मी धरायला गेले तर माझा हात झिडकारलात आणि गाडीकडे बोट केलंत. परत पाय. मग कुठं डोक्यात उजेड पडला. जाऊन सीटवर बसले, ब्रेकवर पाय ठेवला, दाबला.

पाय खाली गेला तो गेलाच. पार जमिनीला टेकला. ब्रेक नव्हताच, अप्पा. पिस्टन मागे ढकललेला, तो पेडल दाबून दाबून पुढे आणल्याशिवाय पॅड चाकाला धरतच नाहीत. दाबत राहिले तेव्हा हळूहळू पेडल कडक झालं. तुम्ही फाटकाला टेकलात, माझ्याकडे बघितलंत आणि मग म्हणालात, "पुढें." अगदी रविवारच्या आवाजात.

त्या संध्याकाळी मी ग्रंथ उघडला. ती ओळ होती. प्रकरणाच्या अगदी शेवटी, गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबा. इतके ब्रेक आपण मिळून केले आणि ही ओळ मी कधी ऐकलीच नव्हती! का, ते पण मग उलगडलं. ते काम खालच्या माणसाचं नव्हतंच. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसायचात, पाय पेडलपाशी. ती शेवटची ओळ तुम्ही मनात वाचून स्वतःच करून टाकायचात. खाली बसून मला दर वेळी वरून फस्स फस्स ऐकू यायचं आणि मला वाटायचं, कंटाळले म्हातारबुवा, पाय हलवतायत. माझं "झालं" झाल्यावर तुमचं काम सुरू व्हायचं, आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत.

तुम्हाला विचारायचं होतं मला. त्या ओळीबद्दल नाही, त्या उतारावर उभं राहण्याबद्दल. गाडी मागे आली असती तर? मी आरशात बघितलंच नसतं तर? आणि व्हिडिओ बरा की पुस्तक बरं या आपल्या भांडणाचं तुम्ही त्या सकाळी काय केलंत, तेही. त्या व्हिडिओनं गाळलेलं पुस्तकात होतं, पण पुस्तक तर कपाटात होतं. तिथं उभे होतात ते तुम्ही. पण विचारून काय उत्तर मिळालं असतं? पुढें. म्हणून विचारलं नाही, नुसती तुमच्या पायाला तेल लावत बसले. तुम्ही तुमचा जड हात माझ्या डोक्यावर ठेवलात. मग तुम्ही गेलात, झोपेत, कुणाला त्रास न देता, आणि आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

तर काल मी त्या पोत्यावर बसून रडत होते, आणि फोनवरचा व्हिडिओ आपला आपण चालू होता. तेवढ्यात कपाटाचं दार वाजलं. अम्मा बाहेर आल्या. ओचा खोचलेला, नाकावर वाचायचा चष्मा, आणि हातात वेष्टीत गुंडाळलेला ग्रंथ. गाडीला वळसा घालून आल्या, सीटवर बसल्या. ज्या बाईनं आयुष्यभर त्या पुस्तकाला "माझी सवत" म्हटलं, त्या बाईनं ते स्टिअरिंगला टेकवून उघडलं.

"कुठलें पान?"

मी सांगितलं. अम्मांनी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलंय, पण तो ग्रंथ त्यांनी वाचला पोथीसारखा. हेल काढून, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून. मध्येच म्हणाल्या, "कॅलिपर म्हणजे काय गं?" म्हटलं, चाकातल्या चकतीला दोन्हीकडून धरणारा चिमटा. "मग चिमटा म्हणायला काय झालें ह्यांना?" मी रडता रडता हसले. त्या वाचत गेल्या, मी परत म्हणत गेले, करत गेले. एका ठिकाणी गंजलेली पिन निघेना, ग्रंथाला काही सांगता येईना, तेव्हा मी फोनवर बघून घेतलं. अम्मा थांबल्या. "बघितलेंस? झालें?" झालं, म्हटलं. तुम्ही असता तर कुरकुरला असता.

चाक चढलं. जॅक उतरवला. मी हात पुसत होते, आणि वरून तो आवाज आला. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबा. तुम्ही मनात वाचायचात ती ओळ पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं वाचली. मी खालूनच परत म्हटली, प्रत्येक शब्द, तोंड भरून.

अम्मांचा पाय पोचेना. त्या सीटच्या अगदी कडेला सरकल्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि दाबलं. "अय्यो शलाके, खालीं गेलें!" म्हटलं, जाऊ द्या, परत दाबा. फस्स. परत. फस्स. मी चाकापाशी बसून ऐकत होते, डोळे मिटून. तोच आवाज, अप्पा, तंतोतंत तोच. हळूहळू तो कमी होत गेला आणि थांबला.

"कडक झालें," अम्मा म्हणाल्या.

मी उठायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या.

मी थांबले. अम्मांनी परत एकदा, सगळा जीव पायात आणून, पेडल दाबून बघितलं. धरून ठेवलं. मग पाय काढला, ग्रंथ मिटला, वेष्टीत गुंडाळला आणि तो मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर सरकल्या. माझ्यासाठी जागा करून, समोर बघत म्हणाल्या, "पुढें."

मी किल्ली फिरवली.